'सायको'मधला नॉर्मन एकटा पडला म्हणून तसा झाला का?

फोंड्याचा_पाऊस
काल परत बघितला, हिचकॉकचा सिनेमा, 1960 चा. कॉलेजात असताना बाथरूममधल्या खुनाच्या सीनला किंचाळलेलो, यावेळी चक्क त्या खुनी मोटेलवाल्या नॉर्मनची कीव यायला लागली. मोटेलात उतरलेल्या मेरियनसाठी सँडविच नि दूध आणतो, स्वतः काही खात नाही, ती खाते ते बघत बसतो, वर भुसा भरलेले पक्षी, आणि बोलायला माणूस मिळालं म्हणून गडी थांबतच नाही. याला कोणी वेळेत माया लावली असती तर? की मीच उगाच विरघळतोय?

काणकोणकार
विरघळतोयस :) पण 12 खोल्या नि बाराही रिकाम्या, कारण हायवे दुसरीकडून गेला, हे आम्हाला बरोबर कळतं. 2019 ला इथला बायपास सुरू झाला, मामाचं चहा-भजीचं हॉटेल राहिलं जुन्या रस्त्यावर. आता एखादी गाडी थांबली की मामा गिऱ्हाइकाला सोडत नाही, कुठले तुम्ही, चाललात कुठे, अजून दोन मिरची भजी घ्या हो. पण म्हणून मामा सुरा घेऊन मागे लागत नाही ना!

सांखळीची_माई
माया कमी कुठे होती रे, उलट नको तितकी. बाप गेला तेव्हा हा 5 वर्षांचा, मग मायलेक दोघंच, जगात तिसरं कोणी नसल्यासारखे. आईला कोणी भेटला तर ह्याने दोघांना विष घातलं. एकटेपणा त्याने स्वतःच्या हाताने ओढवून घेतला आणि तो सोसवेना म्हणून आईला स्वतःच्याच अंगात जागी ठेवली, म्हणजे स्वतःच आई बनून वावरायला लागला. मेरियन नुसतं म्हणते की आईला कुठेतरी ठेवता येणार नाही का, तेव्हा त्याचं तोंड बघ कसं होतं. आणि मेरियनच्या आधी मारलेल्या त्या दोन मुली? त्यांची कीव कोणी करायची?

फोंड्याचा_पाऊस
माई, अर्धं पटलं. पण ती चावी! खोली देताना हात एका चावीकडे जातो, अडखळतो, मग 1 नंबरची काढतो, ऑफिसला लागून असलेली. तिथे मला मुलगा पण दिसतो नि शिकारी पण. आणि खुनानंतर तो मेरियनची गाडी चिखलात बुडवतो, ती बुडता बुडता मधेच अडते तेव्हा मी मनात म्हणतोय बुड गे बाये एकदाची, म्हणजे मी कोणाच्या बाजूने?

जुनं_थेटर
ती सगळी नॉर्मन झालेल्या अँथनी पर्किन्सच्या चेहऱ्याची करामत. सिनेमा ज्यावरून केला त्या रॉबर्ट ब्लॉकच्या 1959 च्या कादंबरीतला नॉर्मन चाळिशीचा, जाडा, चष्मेवाला, दारू पिणारा. त्याने सँडविच दिलं असतं तर खाल्लं असतंस का?

फोंड्याचा_पाऊस
नसतं खाल्लं. काणकोणकार, मामाच्या हॉटेलचं लोकेशन टाक.