लोगो आधी की दालन आधी? छोट्या संग्रहालयाची ओळख कशाने ठरते?

परळकर: नमस्कार मंडळी. एक ट्रस्ट परळला गिरणी कामगारांच्या वस्तूंचं संग्रहालय उभं करतोय. दोन खोल्या, मिळून ९०० चौरस फूट. धोटे (मागावर आडवं सूत नेणारं साधन), बॉबिन (सुताची रिळं), हजेरीची कार्डं, जुने फोटो, सात-आठ नऊवारी. विश्वस्त म्हणतात आधी लोगो करू, आणि लोगोचा गडद तांबडा रंग सगळ्या भिंतींना देऊ. पैसे बेताचेच आहेत. हात आधी कुठे घालावा?

नेपथ्य: आधी दालन. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बघून या. १८७२ चं, जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये पुन्हा उघडलं. ओतीव लोखंडी खांब, सोनेरी नक्षीचं छत, लाकडी कपाटं. नाव न वाचता, नुसत्या फोटोवरून ओळखू येतं.

तांबड्या भिंती मात्र टाळा. नऊवारी, कार्डं आणि जुने फोटो यांना ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड चालत नाही, रंग उडतो. एवढ्याशा उजेडात गडद भिंत असली की खोली कोंदट वाटते, आणि तांबडी झाक कापडावर पडते ती वेगळीच. वस्तूंमागे फिकट राखाडी द्या. तांबडा प्रवेशाची एक भिंत, तिकीट आणि बाण एवढ्यापुरता.

क्रमही उजेडावरून ठरवा. बाहेरच्या उन्हातून थेट ५० लक्समध्ये आलेल्या माणसाला पहिली काही मिनिटं धड दिसत नाही. म्हणून लाकूड-लोखंड पहिल्या खोलीत २०० लक्सवर, कापड-कागद आतल्या खोलीत. दिवे ३००० केल्विनचे, म्हणजे उबदार पिवळसर, आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा अंक) ९० च्या वर. दिव्याचा झोत उभ्या रेषेपासून साधारण ३० अंश कलता ठेवा, म्हणजे काचेवर चकाकी येत नाही आणि बघणाऱ्याची सावली वस्तूवर पडत नाही. मोजायला लक्समीटरच घ्या, मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका.

अक्षरजुळणी: माझ्या मते खरी ओळख पाट्यांत असते, आणि तिथेच सगळ्यात जास्त हयगय होते. ‘यंत्रमागावर वापरण्यात येणारे काष्ठनिर्मित साधन’ असं लिहिलंत तर ते कुठलंही सरकारी दालन वाटेल. त्याऐवजी: ‘साचेखात्यातला धोटा. आडवं सूत याच्या पोटातून सुटायचं. टोकांना लोखंडी टोपी, कारण प्रत्येक फेरीला ठोका बसायचा.’ साचेखातं म्हणजे गिरणीतला मागांचा विभाग; परळच्या माणसाला ही आपली जागा वाटेल. एका पाटीवर ५०-६० शब्द, बस्स.

मराठी आधी, इंग्रजी खाली. देवनागरी त्याच पॉइंटला (अक्षराच्या मापाला) बारीक दिसते. इंग्रजी २४ असेल तर मराठी २७-२८ ठेवा आणि दोन ओळींत दीडपट अंतर सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, अर्ध्या ‘र’च्या जागी रफार येतो. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते. ल आणि श मराठी वळणाचे आहेत ना, तेही बघा. छपाईआधी एक पाटी खऱ्या मापात काढून चार-पाच फुटांवरून मोठ्याने वाचून घ्या.

परळकर: पाट्या सनबोर्डवर (हलक्या प्लास्टिक फोमच्या फळीवर) करायचं ठरतंय. आणि बाकं कुठे ठेवावी?

नेपथ्य: भिंतीवर सनबोर्ड चालेल, वर मॅट लॅमिनेशन, ग्लॉसीवर दिवे चमकतात. पण काचेच्या कपाटात सनबोर्ड नको. तो पीव्हीसीचा असतो, बंद जागेत त्यातून आम्ल सुटतं आणि धातू खराब होतो. आत आम्लरहित कार्डच वापरा.

बाक फोटोंच्या भिंतीसमोर, ४५ सेंमी उंच, पाठ असलेलं. म्हातारी माणसं नातवंडांना त्या फोटोंतलं सांगतील ती तिथे बसून. दुसरीकडे कुठे नसलं तरी इथे बाक हवंच. व्हीलचेअर वळायला बाजूला १५० सेंमी मोकळी जागा सोडा.

पावसाळ्यात दिवसा एसी आणि रात्री बंद, असं करू नका. दमटपणा वरखाली झाला की लाकूड तडकतं; ६५ टक्क्यांच्या वर राहिला तर बुरशी धरते आणि दार उघडताच कुबट वास येतो. हायग्रोमीटर (दमटपणा मोजायचं यंत्र) दोन्ही खोल्यांत लावा, नोंद सकाळ-संध्याकाळ ठेवा, आणि हवेतला दमटपणा काढणाऱ्या डीह्युमिडिफायरचा खर्च बजेटमध्ये आताच धरा.