मदत हवी आहे: बाबांचं रक्त संशोधनासाठी मागितलंय, घरी समजावू कसं?

नमस्कार मंडळी. मी नौपाड्याचा. बाबांना 46 व्या वर्षी पार्किन्सन निघाला, आता ते 61 चे आहेत. धाकट्या काकांनाही तोच आजार. म्हणूनच असेल, एका संशोधन गटाने बाबांचं रक्त मागितलंय. रक्तातल्या पेशी मागे नेऊन स्टेम सेल, म्हणजे कुठलीही पेशी होऊ शकणाऱ्या कोवळ्या पेशी करायच्या (जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या पेशींवर दाखवलेली रीत), मग त्यांपासून डोपामिन बनवणाऱ्या चेतापेशी (पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या याच मरतात) वाढवून बिघाड कुठे होतो ते बघायचं. पटतं मला. जिवंत माणसाच्या मेंदूतून त्या पेशी काही काढून घेता येत नाहीत.

अडचण घरात आहे. आईने 'स्टेम सेल' एवढंच ऐकलं आणि देवापुढे साखर ठेवली. मागे नवी मुंबईतल्या एका दवाखान्याने असल्याच इंजेक्शनचा लाखांतला आकडा सांगितला होता, तेच आता फुकट मिळणार असं तिच्या डोक्यात बसलंय. बाबा वागळे इस्टेटला टूलरूममध्ये होते. मायक्रोमीटर धरणारा हात, आता शर्टाचं वरचं बटण आई लावून देते. त्यांनी एवढंच विचारलं, "बाहेर बनवलेला पार्ट मला बसवणार ना?" मी विषय बदलला.

शिवाय एक शंका. पेशी मागे नेल्या की वयही पुसलं जातं म्हणे. मग 15 वर्षांचा आजार त्यात दिसणार कसा?

ऐरोलीची पेशीवाली:
अशा प्रयोगशाळेत काम केलंय, म्हणून लिहिते. शंका रास्त आहे. वयाच्या खुणा बऱ्याच पुसल्या जातात, जनुकातला दोष मात्र तसाच राहतो. कमी वयात, सख्ख्या भावांना झालेला आजार पार्किनसारख्या जनुकातला असू शकतो. खराब मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा देणारे भाग) काढून टाकायला पार्किन लागतं. ते काम अडलं तर कोवळ्या पेशीतही कळतं, मुद्दाम ताण दिला की जास्तच. मग त्याच पेशींतला दोष क्रिस्परने (जनुकात नेमका बदल करायचं तंत्र) दुरुस्त करून दोन्ही शेजारी ठेवतात. उतारवयात, जनुकाचा धागा न सापडता आलेल्या आजारात ही रीत लंगडी पडते. तिथे काही जण त्वचेच्या पेशी थेट चेतापेशी करतात, म्हणजे वय टिकतं.

सही करण्याआधी एक विचारा: जनुकीय दोष सापडला तर कळवणार का? तो प्रश्न तुमचा आणि चुलत भावंडांचाही आहे.

आईंना मात्र आधीच सांगा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मान्यता मिळालेल्या वैद्यकीय चाचणीबाहेर पार्किन्सनवर स्टेम सेल द्यायला परवानगी नाही. रक्त दिल्याने बाबांच्या हाताचा कंप कमी होणार नाही.

धागाकर्ता:
आभार, ताई. काल तलावपाळीवर बाबांना म्हटलं, "पार्ट नाही, टेस्ट पीस. मटेरियल तुमचंच, पण मशीनला लावायचा नाही, तोडून बघायचा." ते जरा वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "घेऊ दे. पण कुठे तुटला ते मला येऊन सांगायचं."

आईला अजून सांगायचंय.