मदत हवी आहे: लक्ष्मी रोडजवळ रोज दहा-साडेदहा तास मोटारसायकल कुठे आणि कशी लावावी?

नवखा_पेठेत

नमस्कार मंडळी. येत्या सोमवारपासून पुण्यात कुंटे चौकाजवळच्या एका दुकानात कामाला लागतोय. वेळ सकाळी दहा ते रात्री साडेआठ, गुरुवारी सुट्टी. गाडी होंडा युनिकॉर्न, २०१७ ची, कार्ब्युरेटरवाली, पुढे डिस्क. दुकानाला स्वतःचं पार्किंग नाही.

विचारायचं ते असं:
१) पी-१ पी-२ च्या पाट्यांखाली दिवसभर गाडी लावली तर चालते का?
२) जवळपास महापालिकेचा वाहनतळ कोणता?
३) हँडल लॉक पुरतं, की आणखी कुलूप लावावं? कोणतं?
४) गाडी जागेवर दिसली नाही तर आधी कुठे चौकशी करायची?

नारायणपेठकर

आधी पाट्यांचं बघू, कारण गाड्या उचलल्या जातात त्या बहुतेक पाटी अर्धवट वाचल्यामुळे.

पी-१ म्हणजे विषम तारीख, पी-२ म्हणजे सम. आज १७ असेल तर पी-१ च्या बाजूला गाडी लावायची, समोरच्या बाजूला नाही. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. फसगत होते ती महिनाअखेरीला. 'काल या बाजूला होती, आज त्या बाजूला' असा हिशेब हाताला बसलेला असतो. पण ३१ विषम आणि त्यानंतरची १ तारीखही विषम. म्हणजे लागोपाठ दोन दिवस तीच बाजू. वर्षात सात महिने ३१ चे आहेत, तेव्हा सात वेळा हा घोळ होतो, लीप वर्षात २९ फेब्रुवारीमुळे आठव्यांदा. कालची बाजू आठवू नका, आजची तारीख बघा.

दुसरं म्हणजे पाटीवरचा बाण. पी ची हद्द बाण दाखवतो त्या बाजूला आणि तिथपर्यंतच. रांग मात्र हद्दीपाशी थांबत नाही, चार-पाच गाड्या पुढे सरकते. गाड्या उचलणारा टेम्पो आला की त्या शेपटाच्या गाड्या आधी वर चढतात. पांढरे पट्टे आखलेले असतील तर पुढचं-मागचं चाक पट्ट्याच्या आतच हवं.

पाटी नसली तरी काही जागा मुळातच निषिद्ध आहेत. मोटार वाहन चालनाच्या २०१७ च्या नियमांत त्यांची यादी आहे: फूटपाथ, सायकल मार्ग, झेब्रा क्रॉसिंग, बसथांबा, दुसऱ्या लावलेल्या गाडीच्या बाहेरून डबल पार्किंग, कुणाचंही प्रवेशद्वार आणि चौकाच्या कडेपासून ५० मीटर. पेठांतले चौक इतके जवळजवळ आहेत की ही शेवटची अट काटेकोर लावली तर मधे फारसं काही उरत नाही. पाटी असेल तिथेच लावा, हेच बरं.

गोल पाटीवर एक तिरपी रेघ म्हणजे गाडी लावायला मनाई. फुली असेल तर थांबायलाही मनाई, 'फक्त दोन मिनिटं' हे उत्तर तिथे चालत नाही.

दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली, पहिल्यांदा ५०० रुपये, पुढच्या खेपेला १५००. उचलली तर वर टोइंगचा आकार आणि त्यावर जीएसटी.

लोखंडी_पूल

नारायणपेठकरांच्या म्हणण्यात एक भर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ मध्ये दोन प्रकारच्या गाड्या हलवता येतात. एक, मनाईच्या जागी लावलेली. दोन, सार्वजनिक जागेत दहा तास किंवा जास्त बेवारस अथवा कुणी लक्ष न देता सोडलेली. तुमची वेळ साडेदहा तासांची आहे! पी च्या पाटीखालच्या धडधाकट दुचाकीवर हे दुसरं कारण सहसा कुणी लावत नाही, पण रस्त्यावरची जागा दिवसभराच्या मुक्कामासाठी नसते, एवढं त्यातून समजून घ्या.

याच कलमात असंही आहे की गाडी हलवण्याचा अधिकार त्या हद्दीतल्या गणवेशातल्या पोलिसाचा. टेम्पोवरच्या पोरांना स्वतःहून गाडी उचलता येत नाही. सोबत पोलीस नसेल तर शांतपणे तेवढंच विचारा. हुज्जत घालू नका, फोटो काढा.

पाटीबहाद्दर

एवढं कशाला? दुकानाच्या दारात लावा की. मालक आपलाच, गल्ला समोर, गाडी डोळ्यांपुढे.

नारायणपेठकर

पाटीबहाद्दर, दुकानासमोरचा रस्ता मालकाचा नसतो. त्या जागेला पी ची पाटी असेल तर ती कुणाही पुणेकराची, नसेल तर कुणाचीच नाही. 'गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल' या पाटीचंही तसंच. हवा सोडायचा हक्क त्यांना कायद्याने नाही, पण गेट अडवायचा तुम्हालाही नाही. आणि वादात वेळ जातो तो तुमचा, व्हॉल्व्हची पिनही तुमचीच जाते.

मंडई_गेट_नंबर_दोन

वाहनतळांचं सांगतो.

कुंटे चौकाला सोयीचा म्हणजे नारायण पेठेतला हमालवाडा. आधी तो बघा. तिथे रोज जागा मिळत नसेल तर मंडईकडे तीन आहेत: आर्यन, मिसाळ आणि बाबू गेनू. तिथून कुंटे चौक दहा-बारा मिनिटांची चाल. सकाळी दहाच्या आत पोचलात तर जागा मिळते, अकरानंतर तुळशीबागेची गर्दी सुरू झाली की फेऱ्या मारत बसाल. शनिवार-रविवार आणि दिवाळीआधीचे पंधरा दिवस तर विचारूच नका.

येण्याचा रस्ता आधी ठरवा, एकेरीत चुकलात तर मोठा वळसा पडतो. बाजीराव रोड स्वारगेटकडून शनिवारवाड्याकडे जातो, शिवाजी रोड उलट शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे, आणि लक्ष्मी रोड पूर्वेकडून अलका टॉकीजकडे. म्हणजे सिंहगड रोड किंवा सातारा रोडवरून येत असाल तर बाजीराव रोड धरून वर या. शिवाजीनगरकडून येत असाल तर मंडईसाठी शिवाजी रोड.

पहिल्या दिवशी काउंटरवर चार गोष्टी विचारून घ्या:
– रात्री किती वाजता बंद होतो? तुम्ही साडेआठला सुटणार, हिशेब-बिशेब करून नऊ. शटर पडल्यावर गाडी आत राहिली की सकाळपर्यंत राहिली.
– दर तासावर आहे की खेपेवर? दरफलक गेटवर असायलाच हवा, फलकापेक्षा जास्त मागितले तर पावती मागा. पावतीवर गाडीचा नंबर आणि वेळ आहे ना ते तिथल्या तिथे वाचा.
– मासिक पास आहे का?
– हँडल लॉक लावू देतात का? हा प्रश्न महत्त्वाचा. जागा कमी पडली की पोरं गाड्या ढकलून दाटीवाटीने लावतात, म्हणून 'लॉक नको, न्यूट्रलला ठेवा' म्हणतात. लॉक करायचंच असेल तर भिंतीलगतची, ज्यामागे दुसरी गाडी लागणार नाही अशी जागा मागा. रोजचं गिऱ्हाईक म्हटल्यावर दोन-चार दिवसांत जागा ठरून जाते.

गणेशोत्सवात या सगळ्या भागाचे रस्ते टप्प्याटप्प्याने बंद होतात, त्या दहा दिवसांची सोय वेगळी लावा. ११ डिसेंबरलाही: महापालिका २०२१ पासून त्या दिवशी पादचारी दिन करते आणि लक्ष्मी रोडचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांना बंद असतो. अशा दिवशी गाडी घरी ठेवून मेट्रोने मंडई स्टेशनला उतरणं सोपं.

पाना_दहाबारा

कुलुपाचं बोलू.

हँडल लॉक म्हणजे आत बोटाच्या पेराएवढी एक पिन असते, ती स्टीअरिंगच्या खाचेत जाते. हँडलला दोन्ही हातांनी जोराचा हिसका दिला की ती वाकते किंवा तुटते. त्याहून वाईट म्हणजे सात-आठ वर्षं वापरलेल्या इग्निशन लॉकच्या पट्ट्या झिजतात आणि दुसऱ्याच गाडीची झिजलेली किल्ली त्यात फिरते. तुमची २०१७ ची आहे. स्विच ऑनमध्ये असताना किल्ली बाहेर ओढून बघा. निघत असेल तर लॉक सेट बदला. टाकीचं झाकण आणि साइड पॅनेल यांच्यासह पूर्ण सेटच घ्या, नाहीतर खिशात तीन किल्ल्या होतात.

त्यावर डिस्क लॉक. पिन डिस्कच्या भोकातून आरपार जाते ना ते दुकानातच गाडीवर लावून बघा, सगळ्या डिस्कची भोकं सारखी नसतात. लावताना कॅलिपरला (ब्रेक लावल्यावर डिस्कला पकडणारा भाग) जवळजवळ टेकवून लावा. विसरून गाडी पुढे घेतलीत तर चाक फिरायला लागताक्षणी अडकेल, वेग आलेला नसेल. भलत्या जागी लावलं तर चाक अर्धा फेरा मारतं आणि मग दणका बसतो: डिस्क वाकते, कॅलिपर सरकतो, गाडी तुमच्यासकट आडवी. लॉकपासून क्लचच्या दांड्यापर्यंत लाल-केशरी स्प्रिंगची वायर लावायची ती याचसाठी.

डिस्क लॉकमुळे गाडी ढकलत नेता येत नाही, पण चौघं मिळून उचलून टेम्पोत घालू शकतात. रोज दहा तास एकाच जागी उभी राहणार असेल तर साखळी घ्या. १० मिमी जाडीची, कडक केलेल्या पोलादाची, वर कापडी कव्हर असलेली. मीटरभर साखळी दोन-अडीच किलो भरते, ती अंगावर वागवू नका. साधी ८ मिमीची साखळी हातातल्या कटरने तुटते, पैसे वाया. साखळी मागच्या चाकातून आणि स्विंग आर्ममधून (मागचं चाक धरणारा दांडा) ओवायची, जमलं तर खांबाला किंवा रेलिंगला. जमिनीवर लोळू द्यायची नाही. कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवून दुसऱ्यावर अंगाचा भार टाकता येतो, हवेत लोंबणाऱ्या साखळीवर तसा जोर लागत नाही.

आणि एक. साखळी फक्त वाहनतळात. रस्त्यावर महापालिकेच्या खांबाला गाडी बांधू नका.

नवखा_पेठेत

पाना_दहाबारा, मनापासून आभार. किल्लीची परीक्षा आत्ताच करून पाहिली, स्विच ऑन असताना किल्ली निघते! लॉक सेट बदलतो. स्टँड आणि पेट्रोलचं काय? आणि वाहनतळातून गाडी गेली तर जबाबदारी कुणाची?

पाना_दहाबारा

तळ सपाट असेल तर मेन स्टँड. जागा कमी लागते, बाजूच्या गाडीचा धक्का लागला तर निदान दोन्हीकडे आधार असतो. उतारावर मेन स्टँड नको. तिथे साइड स्टँड, पहिला गिअर, आणि पुढचं चाक चढाकडे. साइड स्टँड डाव्या बाजूला असतो, म्हणून उजवीकडे उतार असेल तर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि कुणाची पिशवी घासली तरी उजवीकडे कोसळते. एप्रिल-मेच्या उन्हात डांबर मऊ होतं, सैल पेव्हर ब्लॉक तर बारा महिने खचतात. चार इंची पत्र्याचा तुकडा जवळ ठेवा, स्टँडखाली सरकवायला.

पेट्रोल: कार्ब्युरेटरच्या गाडीत टाकीखालच्या कॉकपासून रबरी नळी उघडीच दिसते. कॉक बंद केल्याने चोर अडत नाही, तो फिरवून उघडतो. नळीच्या दोन्ही टोकांना स्क्रूवाले क्लिप आवळा, हाताने ओढून निघत नाही. तरी कॉक बंद करायची सवय ठेवा, कार्ब्युरेटरमधला फ्लोट (पेट्रोल भरलं की ते थांबवणारा तरंगता भाग) चिकटला तर दिवसभर थेंब-थेंब गळतं. बीएस-६ फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना ही कटकट नाही.

हेल्मेट लॉकला पट्ट्याची कडी अडकवली तर ब्लेडने पट्टा कापून नेतात. दुकानात घेऊन जा.

लोखंडी_पूल

जबाबदारीचं: पावतीच्या मागे 'वाहन मालकाच्या जोखमीवर' छापलेलं असतं. ते छापलं म्हणजे चालवणारा सगळ्यातून सुटला असं नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका हॉटेलच्या प्रकरणात म्हटलं की किल्ली घेऊन गाडी ताब्यात घेतली असेल तर निष्काळजीपणाबद्दल अशा छापील वाक्याआड लपता येत नाही. पण ती किल्ली सोपवलेली गाडी होती. किल्ली तुमच्या खिशात आणि हातात नुसती पावती, असं असेल तर तुमची बाजू बरीच लंगडी पडते. खरा आधार विम्याचा.

विमा कोणता आहे? नुसता थर्ड पार्टी असेल तर चोरीचा एक रुपया मिळत नाही. सप्टेंबर २०१९ पासून स्वतःच्या नुकसानीचा विमा वेगळा काढता येतो. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता, म्हणून कंपनीने दाखवलेल्या पहिल्याच आकड्याला हो म्हणू नका. दावा करताना दोन्ही किल्ल्या मागतात. लॉक सेट बदलाल तेव्हा बिल जपून ठेवा, नाहीतर जुनी किल्ली कुठे गेली याचं उत्तर देत बसावं लागेल.

गाडी दिसली नाही तर क्रम असा:
आधी गाडीवर नोंदवलेल्या मोबाइलवर चलानाचा मेसेज आलाय का ते बघा. जुना नंबर नोंदलेला असेल तर आजच बदला. मग महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे चार आकडे टाका, चलान निघालं असेल तर ठिकाण आणि फोटो दिसतो. तिथे काही नसेल तर जवळच्या चौकातल्या वाहतूक पोलिसाला विचारा, टेम्पो कोणत्या विभागाचा होता आणि गाड्या कुठे उतरवतात ते तो सांगतो. तिथेही नसेल तर ११२, आणि त्याच दिवशी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवा. चोरीसाठी आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२). एफआयआरची प्रत फुकट मिळते. विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा, उशीर हेच दावा नाकारायचं नेहमीचं कारण.

उचललेली गाडी सोडवताना डिजिलॉकरमधली आरसी आणि लायसन्स चालतं. दंड भरायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारा: आरसे, इंडिकेटर, फूटरेस्ट, सायलेन्सरचं कव्हर. ओरखडा असेल तर तिथेच फोटो काढा आणि पोलिसाला दाखवा. बाहेर आणल्यावर तो ओरखडा तुमचा.

नवखा_पेठेत

विमा थर्ड पार्टीच आहे. आजच दुसरा बघतो. रविवारी सकाळी हमालवाड्यावर जाऊन वेळ, दर आणि पास विचारून येतो, इथेच लिहितो.

मंडई_गेट_नंबर_दोन

रविवारी नको. रविवारची गर्दी वेगळी असते, अंदाज चुकेल. शुक्रवारी बरोबर पावणेदहाला जा आणि किती जागा रिकामी आहे ते बघा.