बॅन करण्याआधी भोक बुजवा

ऑनलाइन गेममधल्या बगचा (प्रोग्राममधल्या चुकीचा) गैरफायदा घेणाऱ्या खेळाडूचं काय करावं, या चर्चेत बहुतेकांचा सूर असा आहे की त्याला थेट कायमचा बॅन करावा. मला हे अर्धवट वाटतं. खेळाडू जातो, बग तिथेच राहतो.

वस्तू डुप्लिकेट होण्याचंच घ्या. खेळाडू वस्तू पेटीत टाकतो, पेटीची नोंद डिस्कवर सेव्ह होते, पण खेळाडूच्या इन्व्हेंटरीची (त्याच्याजवळच्या सामानाची) नोंद अजून जुनीच असते. नेमका तेवढ्यात सर्व्हर क्रॅश झाला की रीस्टार्टनंतर तीच वस्तू पेटीतही आणि खिशातही! म्हणून तर काही जण मुद्दाम सर्व्हर पाडतात. दोन्ही नोंदी एकाच व्यवहारात (झाल्या तर दोन्ही, नाहीतर एकही नाही) सेव्ह केल्या तर हा खेळच संपतो. आणि क्लायंट (खेळाडूच्या यंत्रावरचा गेम) सांगेल तो आकडा खरा मानायचा नाही. वेग, नुकसान, पैसे, सगळा हिशोब सर्व्हरनेच करायचा.

रोलबॅक (सगळा गेम जुन्या बॅकअपवर परत नेणं) मात्र शेवटचा उपाय ठेवा, त्यात प्रामाणिक खेळाडूंची मेहनतही वाहून जाते. लॉग (कोणी कधी काय केलं याच्या सर्व्हरवरच्या नोंदी) नीट असतील तर फक्त डुप्लिकेट वस्तू शोधून काढता येतात.

काही बग तर खेळापुरते नसतातच. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या लॉग लिहिणाऱ्या जावा लायब्ररीमधल्या त्रुटीमुळे माइनक्राफ्ट या गेमच्या जावा आवृत्तीत चॅटमधल्या एका मेसेजवरून सर्व्हरवर परका कोड चालवता येत होता. अशा वेळी आधी सर्व्हर बंद, मग अपडेट, चर्चा नंतर.

आणि हो, बग खाजगीत कळवणाऱ्याला शिक्षा करू नका, नाहीतर पुढचा बग तुम्हाला कुणी सांगणारच नाही.