सरकारी खात्यात ज्युनियर एचआर अॅडव्हायझर: सल्ला द्यायचा की नुसती ऑर्डर टाईप करायची?

रुजू_झालेली

नमस्कार मंडळी. आधी प्रायव्हेट कंपनीत एचआरमध्ये होते, आता एका सरकारी खात्यात ज्युनियर एचआर अॅडव्हायझर म्हणून लागलेय. पदाच्या नावात सल्लागार असलं तरी सही माझी कुठेच चालत नाही, आणि तरी सगळे सेक्शन हेड पहिला फोन मलाच करतात. रजा, बढती, पगारनिश्चिती हे नियम काढून बघितले की जमतं, अडलं तर सिनियर सांगतात. अडलेय ते वेगळ्याच ठिकाणी.

एका सेक्शन हेडचा फोन आला की प्रोबेशनवरच्या एका मुलाला कायम करायचं नाहीये, त्याचं प्रोबेशन पुढच्या महिन्यात संपतंय, तू फक्त सेवा संपवल्याच्या ऑर्डरचा मसुदा करून दे. मी फाईल काढली तर मध्यावधी आढाव्यात चक्क "समाधानकारक" असा शेरा, आणि त्यानंतर एक मेमो नाही, एक मेल नाही, काहीच नाही. विचारलं तर म्हणाले तोंडी खूपदा सांगितलंय त्याला, आणि मग आवाज खाली आणून हेही म्हणाले की व्हाउचरमध्ये काहीतरी गडबड करतो असा संशय आहे. माझे सिनियर म्हणतात साहेबांनी सांगितलंय ना, देऊन टाक, निर्णय त्यांचा आहे. मला हे अजिबात पटत नाहीये, कारण त्या मुलाची नोकरी जाणार आणि का गेली हे त्याला धड कळणारही नाही. पण मी इथे सगळ्यात नवीन. अशा वेळी नक्की काय करायचं असतं?

निळी_शाई

ताई, मसुदा मागितलाय तर द्या, पण नुसता मसुदा देऊ नका, सोबत टिपणी लावा. मी बरीच वर्षं हेच काम केलंय म्हणून सांगते, निर्णय घेणं तुमचं काम नाही हे सिनियरांचं म्हणणं बरोबरच आहे, पण निर्णय घेणाऱ्यासमोर पूर्ण माहिती ठेवणं हे शंभर टक्के तुमचंच काम आहे आणि ते ज्युनियर असल्याने कमी होत नाही.

टिपणीत रागलोभ काही नको, विशेषणं नकोत. असं लिहा: "मध्यावधी आढाव्यात 'समाधानकारक' असा शेरा आहे. त्यानंतर कामाबाबत लेखी समज दिल्याची नोंद फाईलवर आढळत नाही. प्रोबेशनचा कालावधी अमुक तारखेला संपतो." बास, एवढ्या तीन ओळी वाचल्या की कुठलाही शहाणा अधिकारी थांबतो. त्याखाली नियम कोणता लागतो तो क्रमांकासह, मग पर्याय. कायम करणं हा एक. नियमात परवानगी असेल तर मुदतवाढ हा दुसरा, पण मुदतवाढ म्हणजे नुसती तारीख पुढे ढकलणं नाही, कोणत्या कामात कमी पडतोय, काय सुधारायचं आणि परत कधी बघणार हे त्याच्या हातात लेखी पडलं पाहिजे. तिसरा पर्याय आत्ताच सेवा संपवणं, आणि तिथे धोका स्पष्ट लिहा की कमी कामगिरीला आधार देणारा कागद आज उपलब्ध नाही.

आता व्हाउचरचं. हे फार महत्त्वाचंय आणि यातच बहुतेक ऑफिसं फसतात. खरं कारण गैरवर्तनाचा संशय असेल तर त्याला "काम समाधानकारक नाही" या साध्यासुध्या भाषेत गुंडाळता येत नाही. आपल्याकडच्या कोर्टांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलंय, ऑर्डरमधले शब्द कितीही निरुपद्रवी असले तरी त्यामागचं खरं कारण काय ते कोर्ट बघतं, आणि ते आरोपाचं निघालं की विचारतं, मग चौकशी का केली नाही? आणि ताई, कोर्ट सोडून द्या, त्या मुलाने केलंच नसेल तर? संशय असेल तर व्हाउचर तपासा, काही सापडलं तर त्याच्याकडून लेखी खुलासा मागवा, रीतसर चौकशी लावा. काहीच सापडलं नाही तर तो विषय फाईलवर, बोलण्यात, कुठेही परत यायला नको.

आणि हो, त्या फोननंतर लगेच एक मेल टाकायचा. "आपलं आज फोनवर जे बोलणं झालं त्यानुसार मी फाईल बघितली, पुढील बाबी आढळल्या." सभ्य भाषेत, चार ओळी. फोनवरचा सल्ला वर्षभराने कुणालाच आठवत नाही, किंवा सोयीचा तेवढाच आठवतो.

लाईनमधला_माणूस

मी एचआरचा नाही, दुसऱ्या बाजूचा आहे, माझ्या हाताखाली लोक असतात. निळी_शाई यांचं सगळं मान्य, फक्त क्रम बदला असं म्हणेन. आधी फाईलवर लिहू नका, आधी त्या सेक्शन हेडच्या केबिनमध्ये जाऊन बसा. फाईलवर एकदम "समज दिल्याची नोंद आढळत नाही" असं वाचलं की त्याला ते आपल्यावरचं बोट वाटतं आणि मग तो हट्टाला पेटतो, त्यात त्या मुलाचंच नुकसान होतं.

त्याला विचारा की नेमकं काय बिघडतंय, एखादं उदाहरण मागा. बऱ्याचदा असं निघतं की त्या मुलाला काम शिकवायला कुणी नव्हतंच, किंवा दोघं जण त्याला दोन वेगवेगळ्या सूचना देत होते. आणि कधी खरंच काम येत नसतं, मग सेक्शन हेडची तक्रारही खरी असते, हेही विसरू नका. तो हवेत बोलत नसेल, त्याला फक्त वेळेवर लिहून ठेवायची सवय नसेल.

आम्हा लोकांची एचआरबद्दल एकच तक्रार असते, तुम्ही शेवटच्या आठवड्यात येऊन "नियमात बसत नाही" म्हणता. माझ्याकडे एक ज्युनियर मुलगी होती एचआरची, ती प्रोबेशन सुरू झालं की दुसऱ्याच महिन्यात यायची आणि विचारायची, सर, नवीन माणूस कसा करतोय, काही सांगितलं असेल तर दोन ओळीचा मेल त्यालाच करा आणि मला कॉपीत ठेवा. त्या एका सवयीमुळे आमच्याकडे शेवटी धावपळच झाली नाही. अधिकार तिलाही काही नव्हता.

निळी_शाई

@लाईनमधला_माणूस, आधी भेटून बोलावं हे पटलं. पण भेटून झाल्यावर टिपणी मात्र झालीच पाहिजे, "बोलून मिटवलं" वर फाईल बंद करू नये.

पानोपानी

थोडं लांबण लावतो पण धागा वाचून राहवलं नाही. प्रायव्हेटमधून आलेल्यांना वाटतं सरकारात एवढे कागद कशाला, माणूस नको तर नको म्हणून मोकळे का होत नाहीत. यातला प्रत्येक नियम कुणावर तरी अन्याय झाल्यावर आलाय. ब्रिटनमध्ये वशिल्याने भरती चालायची, म्हणून 1854 चा नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवाल आला आणि परीक्षेतून, गुणवत्तेवर भरती करा असं त्याने सांगितलं. अमेरिकेत तर निवडून आलेल्या पक्षाने आपल्या माणसांना नोकऱ्या वाटायची पद्धतच होती, 1881 मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडणारा माणूस आपल्याला सरकारी पद मिळालं नाही म्हणून खवळलेला होता, आणि त्यानंतर 1883 मध्ये पेंडलटन कायदा झाला.

तुमच्या केसशी जवळची गोष्ट म्हणजे इंग्लंडमधल्या ब्रायटन शहराचे पोलीस प्रमुख रिज. फौजदारी खटल्यातून ते निर्दोष सुटले, तरी 1958 मध्ये समितीने त्यांचं म्हणणं न ऐकताच त्यांना काढून टाकलं. प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1963 मध्ये ती कारवाई रद्दबातल ठरली, का तर आरोप काय आहेत ते सांगून बाजू मांडायची संधीच दिली नव्हती. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाला इतकं लढावं लागलं, तर प्रोबेशनवरच्या मुलाचं काय होत असेल?

अजून एक, कारण भरतीच्या मुलाखतींचं काम पण तुमच्याकडे येईलच. आपल्या सुप्रीम कोर्टाचा 1969 चा क्रैपाक निकाल नक्की वाचा. वनसेवेच्या निवड मंडळावर बसलेला एक अधिकारी स्वतःच उमेदवार होता. स्वतःचं नाव आलं तेव्हा तो बाजूला झाला, पण प्रतिस्पर्ध्यांच्या नावांवर चर्चा चालू असताना मात्र बसून राहिला. कोर्टाने ती निवड रद्द केली. म्हणून पॅनेल बसायच्या आधी प्रत्येक सदस्याला विचारायचं, यादीत तुमचं कुणी नात्यातलं, मित्र, जुना सहकारी आहे का, आणि उत्तर लेखी घ्यायचं. हे विचारायला ज्युनियर माणसाला जड जातं, पण छापील फॉर्म सगळ्यांसमोर ठेवला की कुणाला व्यक्तिशः लागत नाही. प्रश्न सगळ्या उमेदवारांना तेच, गुण प्रत्येकाने आपापले आधी लिहायचे आणि मगच चर्चा, नाहीतर सगळ्यात सिनियर माणूस बोलला की बाकीचे आपला आकडा त्याच्या आकड्याला जुळवतात.

रुजू_झालेली

सगळ्यांचे मनापासून आभार. सेक्शन हेडना भेटले, पहिली दहा मिनिटं चिडलेले होते पण उदाहरण विचारल्यावर बोलायला लागले. व्हाउचरचं म्हणाल तर नुसतं कुणीतरी सांगितलेलं आहे, त्यांनी स्वतः तपासलेलं नाही. ते तपासून घेतो म्हणाले. मी टिपणी लिहायला घेतलीय.

अजून एक विचारते. लोक माझ्या टेबलाशी येऊन "कुणाला सांगू नका हं" म्हणून सुरुवात करतात. परवा एक बाई आल्या, त्यांच्या वरिष्ठांच्या वागण्याबद्दल सांगायला लागल्या आणि मध्येच रडायला लागल्या. मी काय शब्द द्यायचा?

सावली_झाड

ऐकायच्या आधी शब्द देऊ नका, हे सगळ्यात आधी. हळू आवाजात सांगायचं, "मी हे गावभर करणार नाही, ज्याला कळणं गरजेचं आहे त्यालाच कळेल, पण तुम्ही जे सांगाल त्यात कुणाच्या सुरक्षिततेचा किंवा छळाचा विषय असेल तर मला पुढे कळवावं लागेल." मग त्यांना ठरवू द्या किती सांगायचं. आधी "नाही सांगणार" म्हणायचं आणि नंतर सांगायचं हे फार वाईट, ते माणूस परत कधी कुणाकडे जात नाही.

त्या बाईंना टेबलाशी बसवू नका, दार लावता येईल अशी खोली बघा. मध्ये तोडू नका, सल्ल्याची घाई नको. छळ लैंगिक स्वरूपाचा असेल तर त्यासाठी वेगळी समिती असते, तिथे तक्रार कशी करायची, मुदत किती, सोबत कोण येऊ शकतं हे कागदावर लिहून द्या, कारण त्या मनःस्थितीत ऐकलेलं लक्षात राहत नाही. त्या गेल्या की तारीख टाकून त्यांच्याच शब्दांत नोंद करा. "वरिष्ठ त्रास देतात" असं आपल्या भाषेत गोळाबेरीज करू नका, त्या जे वाक्य बोलल्या ते वाक्य लिहा. आजारपणाचं काही सांगितलं असेल तर ते नेहमीच्या फाईलमध्ये अजिबात नको.

आणि तुम्ही त्यांच्या वकील नाही हेही त्यांना प्रेमाने सांगा. युनियन आहे, अपील आहे, बाहेर दाद मागायच्या जागा आहेत. हे सांगणं खात्याच्या विरोधात जाणं मुळीच नाही. आपल्या लोकांना त्यांचे मार्ग माहीत असणं खात्याच्याही भल्याचंच आहे.

रुजू_झालेली

खूप मदत झाली ताई. शेवटचं, टिपणीत "शिफारस" असा शब्द मी लिहिला तर चालेल का? सिनियर म्हणतात फक्त "आदेशार्थ सादर" लिही, म्हणजे निर्णयासाठी वर पाठवलंय एवढंच.

निळी_शाई

लिहा बिनधास्त, एका वाक्यात आणि कारणासह. "उपलब्ध नोंदी पाहता मुदतवाढ देऊन लेखी उद्दिष्टं ठरवून द्यावीत, अशी शिफारस आहे" आणि त्याखाली "आदेशार्थ सादर". वरच्यांना वेगळं वाटलं तर ते आपलं कारण लिहून वेगळा निर्णय घेतील, तो त्यांचा हक्क आहे. फक्त तारखेकडे लक्ष ठेवा. मुदत संपेपर्यंत ऑर्डरच निघाली नाही तर काय होतं ते नियमात आजच बघून ठेवा, काही ठिकाणी माणूस आपोआप कायम धरला जातो, काही ठिकाणी ऑर्डर निघेपर्यंत प्रोबेशनच चालू राहतं. शेवटचा दिवस सुट्टीचा येतोय का तेही बघा. आणि नुसती ऑर्डर निघून भागत नाही, त्या मुलाच्या हातात पडल्याची तारखेसह पोच घ्या.