गल्लीतल्या, सोसायटीतल्या मांजरांची देखभाल: तुमचे अनुभव लिहा

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत आधी एकच भाटी, म्हणजे मादी मांजर होती. दीड वर्षात पार्किंगमध्ये अकरा जणं झाली. चूक माझीच. रोज जेवण घालत होते, नसबंदीचं मात्र 'बघू' चाललं होतं. मांजर चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, दोन महिन्यांत विते आणि पिल्लं अंगावर असतानाच पुन्हा माजावर येते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. आता नऊ जणांची ऑपरेशनं झालीत. पकडलंत कसं, शेजाऱ्यांना पटवलंत कसं, काय फसलं, सगळं लिहा.

* * *

आमच्या काळ्या भाटीने तीनदा चकवलं. बांगड्याचं डोकं पंजाने ओढून घ्यायची, पण पिंजऱ्यातल्या ज्या पट्टीवर पाय पडला की दार पडतं, तिच्यावर पाय म्हणून ठेवायची नाही. शेवटी दार दोरीने वर बांधून आठवडाभर तिला जेवणच आत दिलं. आठव्या दिवशी दोरी सोडली. खटकन दार पडलं, आत नुसता धिंगाणा! जुनी चादर टाकली तशी दोन मिनिटांत गप्प. अंधार झाला की शांत होतात.

ऑपरेशनआधी उपाशी किती वेळ ठेवायचं ते डॉक्टरांना आधीच विचारा. भुलेत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. आमच्या वॉचमनकाकांनी माया करून पहाटे जाळीतून बिस्किटं चारली, आणि ऑपरेशन रद्द. दुसऱ्या दिवशी पुन्हा रिक्षा, पुन्हा तेच. झालेली मांजर लांबून ओळखू यावी म्हणून भुलेतच डाव्या कानाचं टोक कापतात. त्यावर शेजारच्या काकू, "कान कोणी कुरतडला हो बिचारीचा?" म्हणत माझ्यावरच डाफरल्या.

* * *

रत्नागिरी. मिरकरवाड्याला मासे कापणाऱ्या मावश्यांकडे प्रत्येकीचं मांजर ठरलेलं. म्हणून मी आधी त्यांनाच विचारतो, कोणती गाभण, कोणती नुकती व्यालेली. व्यालेली असली तर थांबायचं. आई उचलली तर मागे पिल्लं मरतात.

* * *

आमच्या सेक्रेटरींनी चार मांजरं पोत्यात घालून लांब सोडून दिली. महिन्याभरात दोन नवे बोके हजर. कचरा आणि उंदीर जागेवरच होते ना! आता संध्याकाळी सातला मागच्या भिंतीपाशी जेवण, अर्ध्या तासात ताटल्या उचलायच्या, कोपऱ्यात वाळूचं घमेलं. घमेलं मीच साफ करते, तेव्हापासून वासाची तक्रार थांबली. बॉनेटवरच्या पंजांची अजून येते. गाडीवाल्यांना एवढंच सांगते, सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारा. थंडीत इंजिनापाशी जाऊन झोपतात.

* * *

अंग गरम लागलं म्हणून मी घरातली पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली होती. मांजरांना ते विष असतं. जास्त लिहवत नाही.

* * *

पिल्लं एकटी दिसली की लगेच उचलू नका, ही माझी कळकळ. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, ते उगाच नाही. मी दोन उचलून आणली आणि त्यांची आई रात्रभर जिन्यात ओरडत फिरली. पहाटे परत ठेवली, मानगूट धरून घेऊन गेली. गाईचं दूध पाजलं होतं, त्याने जुलाब झाले ते वेगळंच.

* * *

दोरीची युक्ती आजच करते. उरलेल्या दोघांतला बोका सध्या पिंजऱ्याच्या टपावर झोपतो.