प्रतिसाद: सगळीकडे खेळणाऱ्याला भाव कमी का?

'मैदानावरच्या चार जागा खेळणारा कॉलेजचा खेळाडू कुठल्याच जागेचा नसतो', हे बेसबॉलबद्दल या चर्चेत आलेलं मत मला पटत नाही. बेन झोब्रिस्ट आठवा. डॅलस बॅप्टिस्ट विद्यापीठातून आलेल्या या खेळाडूला 2004 च्या ड्राफ्टमध्ये (अमेरिकी व्यावसायिक संघ नवे खेळाडू फेरीफेरीने निवडतात तो कार्यक्रम) ॲस्ट्रोज संघाने सहाव्या फेरीत घेतलं. 2009 मध्ये रेज संघाकडून इनफिल्ड (बेसजवळचा भाग) आणि आउटफिल्ड (मागचं मैदान) सगळीकडे फिरत त्याने 27 होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारले आणि 2016 च्या वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेत, शिकागो कब्ज संघासाठी सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मात्र त्याला तारलं ते बॅटने! वाईट चेंडू सोडण्याची नजर त्याच्याकडे होती. म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं: अशा मुलाच्या वॉक (चार वाईट चेंडू सोडून फुकट मिळणारा पहिला बेस) आणि स्ट्राइकआउटचं (तीन स्ट्राइकनंतर बाद होणं) प्रमाण आधी बघा. कॉलेजात धातूची बॅट असते, त्यामुळे तिथल्या होमरनवर फार विसंबू नका. केप कॉड लीगमध्ये (कॉलेज खेळाडूंची उन्हाळी स्पर्धा) लाकडी बॅटने तो काय करतो ते जास्त बोलकं.

मग बघा तो शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसमधल्या अवघड जागी, खेळू शकतो का. तिथे टिकणाऱ्याला सेकंड बेसवर सहसा अडचण येत नाही, उलटं मात्र क्वचितच जमतं.

पिचिंग (चेंडू टाकणं) आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्यांचा हिशेब वेगळा. लुइव्हिल विद्यापीठाचा ब्रेंडन मकाय 2017 च्या ड्राफ्टमध्ये चौथा निवडला गेला, पण पुढे खांदा आणि कोपराच्या शस्त्रक्रियांत त्याची उमेदीची वर्षं गेली.